वाइड लेन्स आणि एचडीआर: पणजीत फोटो काढताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी पणजीच्या चर्चचा एक फोटो मोठा छापून मी घरच्या हॉलमध्ये लावला होता. म्हापशाची मावशी आली, चष्मा कपाळावर सरकवून जवळ गेली आणि म्हणाली, "त्या दिवशी वादळ होतं काय रे?" एप्रिलची दुपार होती ती. आकाशात ढगाचा कपटासुद्धा नव्हता. निळ्याचं जांभळं मीच केलं होतं, कमी-जास्त उजेडाचे पाच फोटो एकत्र करून (यालाच एचडीआर म्हणतात) आणि सगळी बटणं शेवटपर्यंत ओढून. शिवाय चर्च मागे रेलल्यासारखं दिसत होतं. तो फोटो आता माळ्यावर आहे.

रेलण्यापासून सुरुवात करू, कारण ही चूक सगळ्यांत जास्त दिसते. इमारत उंच, रस्ता अरुंद, म्हणून आपण वाइड लेन्स, म्हणजे जास्त रुंद दृश्य मावणारी लेन्स, लावून कॅमेरा वर करतो. कॅमेरा वर झुकला की सरळ उभ्या रेषा वर जाता जाता एकमेकींकडे येतात. दोष लेन्सचा नाही, झुकवण्याचा आहे. वाइडमध्ये तो फक्त ठळक होतो. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळलाच आहे, उरलेला तरी आपण पाडू नये. कॅमेरा समपातळीत धरा, स्क्रीनवर लेव्हलची रेघ दिसते ती चालू ठेवा. मग खाली अर्धी फ्रेम नुसता रस्ता येईल. येऊ द्या, नंतर कापा. मागे सरकायला जागा असेल तर सरका. सॉफ्टवेअरमध्ये रेषा सरळ करता येतात, पण तेव्हा कडा कापल्या जातात, म्हणून फोटो काढतानाच चारही बाजूंना मोकळी जागा सोडा.

दुसरी चूक बरोबर उलटी. समोर सगळं मावतंय म्हणून लांबून १६ मिलिमीटरवर काढायचं. मग मांडवी नदी एक रेघ होते, तिच्यावरचा अटल सेतू काडेपेटीएवढा आणि उरलेल्या फोटोत डांबर. वाइड लेन्स जवळ जाण्यासाठी असते. पणजीच्या मळा किंवा फोंतेन्यास या जुन्या वस्त्यांत एखाद्या बाल्कावाच्या (घरापुढच्या ओट्याच्या) पायरीपाशी दोन फुटांवर बसा, पायरी मोठी येऊ द्या, गल्ली मागे आपोआप निमुळती होत जाते. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १६ मिलिमीटर आणि अपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ८ असेल, तर साधारण एक मीटरवर फोकस केला की अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. एफ २२ इतक्या बारीक छिद्राची गरज नाही. उलट तिथे प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळाच फोटो मऊ पडतो, आणि सेन्सरवरची धूळ दिसते ती वेगळीच.

माणसं मात्र कडेला ठेवू नका. मंगेशीच्या दीपस्तंभापुढे कुटुंबाचा फोटो काढताना टोकाला उभ्या काकांचं डोकं भोपळ्यासारखं ताणलं जातं आणि शिव्या फोटोग्राफरला बसतात. दोन पावलं मागे या, सगळ्यांना मध्ये घ्या.

आता एचडीआर. पहिला प्रश्न: गरज आहे का? ढगाळ पावसाळी दिवशी नसते. आजच्या कॅमेऱ्यांच्या एका रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमधून सावली पुष्कळ उचलता येते, फक्त उजेडाची बाजू जळू द्यायची नाही. गरज पडते ती भर दुपारच्या गल्लीत: एक भिंत उन्हात पिवळीधमक, समोरच्या बाल्कावात काळोख, मधे आकाश. तिथे तीन फ्रेम घ्या, दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). मधलीचा शटर १/१२५ सेकंद असेल तर बाकीच्या १/५०० आणि १/३०. फरक शटरने पाडायचा, अपर्चरने नाही. अपर्चर बदललं की कुठपासून कुठपर्यंत स्पष्ट येतं ते तिन्ही फ्रेममध्ये वेगळं पडतं. आयएसओ एकच आणि फोकस मॅन्युअल. जेपीईजीवर काढत असाल तर व्हाइट बॅलन्सही ऑटोवर नको, नाहीतर एक भिंत तीन रंगांची होते.

हलणारी वस्तू एचडीआरचा शत्रू. स्कूटर, माडाची झावळी, वाळत घातलेले कपडे तिन्ही फ्रेममध्ये तीन जागी असतात आणि जोडताना त्यांची भुतं होतात. सॉफ्टवेअरमध्ये डीघोस्ट असतं, पण ते झावळीची गिचमीड करतं. मी जोडलेल्या फोटोवर मधल्या फ्रेममधली झावळी तशीच ठेवतो आणि बाकीचं खालच्या जोडलेल्या फोटोतून घेतो. पाच मिनिटांचं काम आहे.

मग येते प्रभावळ. छपराच्या कौलांभोवती पांढरट कडं दिसलं, तसबिरीतल्या देवाच्या डोक्यामागे असतं तसं, की समजा क्लॅरिटी (कडा ठळक करणारं बटण) जास्त झाली. अर्धी करा आणि दहा मिनिटांनी पुन्हा बघा. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या उघड्या चिऱ्यावर (जांभ्या दगडावर) हे फार जाणवतं. चिऱ्याचा मूळ रंग विटकरी-तपकिरी. सॅच्युरेशन ओढलं की तो मिरचीपूड होतो. आणि सावल्या सगळ्या पुसू नका. सावली गेली की बाल्काव खोल राहत नाही, भिंतीवर चिकटवलेलं चित्र वाटतं.

रात्री मांडवीकाठी वेगळी अडचण. कॅसिनोच्या बोटींवरचे एलईडी लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही, पण इलेक्ट्रॉनिक शटरच्या जलद फ्रेममध्ये आडवे पट्टे येतात. सर्वांत गडद फ्रेम हीच जलद असते, आणि दिव्यांचा तपशील तीतूनच घ्यायचा असतो. म्हणून मेकॅनिकल शटर, ट्रायपॉड, आणि सर्वांत जलद फ्रेमही १/५० पेक्षा हळू. पूर्ण अंधाराची वाट बघू नका. दिवेलागणीनंतर आकाश निळं असतं तेवढ्यात उरका, तेव्हा एक फ्रेमही पुरते.

किरकोळ दोन गोष्टी. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) वाइडवर लावलात तर आकाशात अर्धवट गडद पट्टा येतो, काढून ठेवा. आणि एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्स धुकं धरते. पुसू नका, कॅमेरा बॅगेतच पंधरा-वीस मिनिटं ठेवा.

फोंतेन्यासमध्ये लोक राहतात, ही आठवणही कॅमेऱ्यासोबत न्यावी. वाइड लेन्सने गल्ली काढताना नकळत कुणाच्या खिडकीतला बिछानाही येतो. एकदा बाल्कावात बसलेल्या आजींना मी खुणेनेच विचारलं, काढू का? त्या उठल्या, कठड्यावरचा निळा टॉवेल वाऱ्याला उडत होता तो घडी करून आत नेऊन ठेवला आणि पुन्हा येऊन बसल्या. तीन फ्रेम बिनभुताच्या मिळाल्या. मला तो टॉवेल हवा होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.