दुधाच्या शेळ्यांना जंताचं औषध देताना

पावसाळ्यात शेळी खाते पण अंगाला लागत नाही, दूध कमी होतं, जबड्याखाली पाण्यासारखी सूज येते, तर बहुतेक वेळा हा रक्त पिणारा गोल जंत असतो, हिमॉन्कस म्हणतात त्याला. यात हगवण लागेलच असं नाही, म्हणून लेंडी चांगली दिसली की निर्धास्त राहू नका! खालची पापणी ओढून आतला रंग बघा, लालगुलाबी असेल तर ठीक, पांढरट दिसली तर रक्त कमी झालंय, लगेच डॉक्टरांना दाखवा.

सरसकट सगळ्या कळपाला दर महिन्याला तेच औषध पाजायचं हे कृपया बंद करा, त्याने औषधाला न जुमानणारे जंतच मागे उरतात आणि मग काहीच चालत नाही. आधी ताज्या लेंड्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या, ज्यांना गरज आहे त्यांनाच द्या, आणि डोस वजन करूनच, अंदाजाने कमी दिलेला डोस सगळ्यात वाईट. शेळीला बऱ्याच औषधांचा डोस मेंढीपेक्षा जास्त लागतो, तो डॉक्टरांकडूनच घ्या. अल्बेंडाझोल हे जंताचं औषध गाभण शेळीला सुरुवातीच्या दिवसांत देऊ नका. औषधानंतर दूध किती दिवस विकायचं नाही हेही विचारा, ते दूध लेकरांच्या पोटात जातं हो.

चरायला दव सुकल्यावरच सोडा, कारण गवत ओलं असताना जंताच्या अळ्या पात्यांवर वर चढतात. सुबाभूळ, शेवगा वरून तोडून टांगला तर उत्तमच.