नेटवर माग कसा सोडायचा नाही: प्रायव्हसी वेगळी, अनामिक राहणं वेगळं

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, कारण बहुतेकांची गल्लत इथेच होते. समोरच्याला तुम्ही कोण ते माहीत आहे पण काय करताय ते दिसत नाही, ही झाली प्रायव्हसी. आणि काय चाललंय ते दिसतंय पण करतंय कोण ते कळत नाही, हे झालं अनामिक राहणं. म्हणून काहीही इन्स्टॉल करण्याआधी स्वतःला विचारा, मला नक्की लपवायचंय कोणापासून? घरातला कॉम्प्युटर वापरणाऱ्या दुसऱ्या कोणापासून, ऑफिसच्या वायफायपासून, जाहिरातवाल्यांपासून, की ज्या साइटवर जातोय तिच्यापासूनच? प्रत्येकाला उपाय वेगळा आहे.

इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची ती काळी प्रायव्हेट विंडो, फक्त पहिल्यासाठी आहे. विंडो बंद केली की तुमच्या मशीनवरची हिस्ट्री आणि कुकीज (साइट तुम्हाला ओळखायला ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदी) पुसल्या जातात, बास. इंटरनेट कंपनीला, ऑफिसच्या नेटवर्कला, साइटला जे दिसायचं ते दिसतंच. यावरून गुगलवर 2020 मध्ये अमेरिकेत खटला झाला आणि 2024 मधल्या तडजोडीत त्यांनी तसा गोळा केलेला डेटा नष्ट करायचं कबूल केलं, तेव्हा त्या काळ्या विंडोवर विसंबून राहू नका.

जाहिरातवाल्यांसाठी ब्राउझर बदला, माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. फायरफॉक्स घ्या नाहीतर ब्रेव्ह. फायरफॉक्स 2022 पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवतो, म्हणजे एका साइटवर बसवलेला ट्रॅकर, म्हणजे पाळत ठेवणारा कोड, दुसऱ्या साइटवर तुम्हाला त्याच कुकीवरून ओळखू शकत नाही. त्यावर युब्लॉक ओरिजिन टाका, हे जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारं एक्स्टेंशन आहे, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम. क्रोमच सोडता येत नसेल तर युब्लॉकचं लाइट व्हर्जन मिळतं, ताकद थोडी कमी आहे पण काहीच नसण्यापेक्षा खूप बरं. मग एखादं बातम्यांचं पान उघडा आणि युब्लॉकच्या आयकॉनवरचा आकडा बघा, तुम्ही एक पान उघडलं आणि मागून किती जण डोकावायला आले होते ते तिथे दिसतं. पण दहा-पंधरा एक्स्टेंशन लावत बसू नका हं, त्यातली बरीचशी तुमची सगळी पानं वाचू शकतात आणि जितकी जास्त तितका तुमचा ब्राउझर चारचौघांत उठून दिसतो.

उठून दिसतो म्हणजे काय, तर फिंगरप्रिंटिंग. स्क्रीनचा साइज, फॉन्ट, टाइमझोन, भाषा, ग्राफिक्स कार्ड कसं चित्र काढतं, असे बारीकसारीक तुकडे जोडून कुकीशिवायसुद्धा ओळख पटते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने 2010 मध्ये तपासलं तेव्हा नमुन्यातल्या 83.6 टक्के ब्राउझरचे ठसे एकमेवाद्वितीय निघाले होते. त्यांची कव्हर युवर ट्रॅक्स ही टेस्ट फुकट आहे, एकदा चालवून बघाच.

नेटवर्कवाल्यांचं थोडक्यात सांगतो. साइटला एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद कनेक्शन, असलं की पानावरचा मजकूर त्यांना दिसत नाही पण साइटचं नाव दिसतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सिक्युअर डीएनएस (साइटचा पत्ता शोधायची विचारणा झाकून पाठवायची सोय) चालू केलं की एक फट बुजते, सगळ्या नाही. व्हीपीएन, म्हणजे तुमचं ट्रॅफिक आपल्या सर्व्हरमधून झाकून नेणारी सेवा, घेतलं तर इंटरनेट कंपनीला फक्त व्हीपीएनचा सर्व्हर दिसतो, मात्र आता तुम्ही कुठे जाता ते व्हीपीएनवाल्याला दिसणार, म्हणजे विश्वास एकावरून काढून दुसऱ्यावर टाकला इतकंच. फुकटच्या अनोळखी व्हीपीएनपासून लांबच रहा. आणि व्हीपीएन लावून आपल्याच नावाच्या अकाउंटला लॉगिन केलंत तर त्या साइटपासून काय लपलं? काहीच नाही.

खरंच अनामिक राहायचं असेल तर टॉर ब्राउझर. तुमचं ट्रॅफिक सहसा तीन रिलेंमधून, म्हणजे मधल्या तीन कॉम्प्युटरमधून, जातं, पहिल्याला तुम्ही माहीत पण कुठे चाललात ते नाही, शेवटच्याला ठिकाण माहीत पण तुम्ही नाही. स्लो चालतो, ते सहन करायचं. त्यात एक्स्टेंशन टाकायची नाहीत, विंडोचा आकार बदलायचा नाही, सगळ्यांचा टॉर सारखा दिसतो म्हणूनच तुम्ही गर्दीत हरवता. पण आसपास टॉर वापरणाऱ्यांची गर्दी हवी हे विसरू नका. 2013 मध्ये हार्वर्डमध्ये एका विद्यार्थ्याने टॉर वापरून बॉम्बच्या खोट्या धमकीचे मेल पाठवले, पण तो विद्यापीठाच्याच वायफायवर होता आणि त्या वेळी तिथून टॉरला कोण जोडलं होतं हे नेटवर्कच्या नोंदीत होतं. टॉर न फोडताच तो सापडला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे तुम्ही स्वतः काय टाइप करता. 2006 मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने साधारण साडेसहा लाख लोकांचे सर्च नावं काढून, फक्त नंबर देऊन जाहीर केले आणि पत्रकारांनी थोड्याच दिवसांत त्यातल्या एका नंबरमागची बाई शोधून काढली, का तर तिने आपल्या गावाबद्दल आणि आपल्या आडनावाच्या लोकांबद्दल सर्च केलं होतं. म्हणून खऱ्या नावाची कामं एका ब्राउझर प्रोफाइलमध्ये आणि बाकीची दुसऱ्यात, ईमेल वेगळा, टोपणनाव वेगळं, पासवर्ड तर वेगळा हवाच. एकदा जरी टोपणनावाच्या अकाउंटला नेहमीचा फोन नंबर दिलात की दोन्ही धागे जुळले, मग ते सोडवता येत नाहीत, नवीन अकाउंट काढा.

फोटोंचं पण तसंच. फोनच्या फोटोत जीपीएसचे आकडे लपलेले असू शकतात, 2012 मध्ये फरार असलेल्या, अँटिव्हायरसवाल्या जॉन मॅकॅफीचा ग्वाटेमालातला पत्ता एका मासिकाने छापलेल्या फोटोतूनच फुटला होता. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा, आणि जुना फोटो टाकायचाच असेल तर आधी त्याचा स्क्रीनशॉट काढून तो टाका, त्यात मूळ फोटोतलं लोकेशन येत नाही. मागे खिडकीतून काय दिसतंय ते मात्र तुम्हालाच बघावं लागेल.