कॅसलटन टॉवरवर सह्याद्रीची सवय नडते: या चुका टाळा

युटामधल्या मोआब गावाजवळ, कॅसल व्हॅलीत, सुमारे ३०० मीटर उंचीच्या घसरड्या उतारावर १२० मीटरचा एक चौकोनी, लालसर सुळका उभा आहे. तोच कॅसलटन टॉवर. लिंगाणा किंवा तैलबैला चढून आलेला माणूस खाली गाडी लावतो, मान वर करतो आणि म्हणतो, "एवढंच ना?" नेहमीचा रूट ५.९ ग्रेडचा (अमेरिकी पद्धतीत मध्यम अवघड), टप्पे चार. मीही हेच म्हटलं होतं. मग तिसऱ्या टप्प्यावर अर्धं अंग भेगेत आणि अर्धं बाहेर, अशा अवस्थेत वीसेक मिनिटं काढली आणि बोलती बंद झाली.

आपले हात बेसाल्टवर तयार झालेले असतात. खाच शोधायची, कड पकडायची, पाय ठेवायचा आणि कातळात ठोकलेल्या बोल्टकडे सरकायचं. वालुकाश्माचा हिशेब वेगळा आहे. इथल्या बहुतेक चुका अननुभवी लोकांच्या नसतात, अनुभव चुकीच्या दगडावर घेतलेल्या लोकांच्या असतात.

पाऊस थांबला, ऊन पडलं, चला चढू

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आपल्याकडे सर येऊन गेली की कातळ निसरडा होतो, दोन-तीन तास कडक ऊन खाल्लं की पुन्हा चढण्याजोगा होतो. काळा पाषाण पाणी पोटात घेत नाही. कॅसलटनचा खडक मात्र विंगेट वालुकाश्म आहे, म्हणजे साधारण २० कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या, दबून दगड झालेल्या. वाळूचे कण एकमेकांना धरून ठेवतात ते मधल्या खनिजांच्या पातळ लेपामुळे. पाणी कणांमधल्या पोकळ्यांत शिरलं की हा लेप सैल पडतो. बाहेरून दगड कोरडा ठणठणीत दिसतो आणि आतून भिजलेल्या बिस्किटासारखा झालेला असतो. काल वजन घेणारी कपार आज हातात येते. भेगेत लावलेला फ्रेंड, म्हणजे दोरी अडकवायचं स्प्रिंगचं साधन, ओढ बसली की दोन्ही बाजूंची वाळू चिरडत बाहेर निसटतो.

परीक्षा सोपी आहे. पायथ्याशी सुळक्यालगतच्या मोकळ्या वाळूत बोटांनी चार-पाच इंच उकरा. वरची वाळू भुरभुरीत असते, तिच्यावरून ठरवू नका. खालची वाळू मुठीत दाबल्यावर गोळा होत असेल, गार लागत असेल, तर खडकही ओला आहे. त्या दिवशी चढायचं नाही. जोराच्या पावसानंतर किमान २४ तास थांबायचा प्रघात आहे. थंडीचे दिवस, वितळणारा बर्फ किंवा सावलीतली उत्तर बाजू असेल तर ७२ तासही कमीच पडतात. विमानाचं तिकीट काढून आलोय, सोमवारी ऑफिस आहे, ही सबब खडकाला कळत नाही. शिवाय तुटलेली कपार परत उगवत नाही. तो रूट पुढच्या सगळ्यांसाठी कायमचा बदलतो. म्हणून बेत आखतानाच दोन दिवस हातचे राखा.

एक सेट आणि मूठभर चोक घेऊन निघणं

चोक-नट, म्हणजे भेगेत अडकवायची धातूची पाचर, अडकायला भेग खाली अरुंद होत जावी लागते. इथल्या कित्येक भेगा दोन भिंती समोरासमोर उभ्या केल्यासारख्या सरळ असतात. चोक टाकला की तो सरळ खाली. स्प्रिंगवर उघडणारे फ्रेंड १९७० च्या दशकात बाजारात आले, त्यानंतरच अशा भेगांतून निर्धास्त चढता येऊ लागलं. लेटन कोर आणि हंटली इंगल्स हे दोघे सप्टेंबर १९६१ मध्ये पहिल्यांदा माथ्यावर पोचले, तेव्हा त्यांच्याकडे लोखंडी मेखा होत्या. कोर पेशाने गवंडी, उंचापुरा आणि वेगाने चढणारा. त्यांच्या नावाचा कोर-इंगल्स रूट आजही दक्षिण बाजूला नेहमी चढला जातो. मेखा ठोकायचं मात्र मनातही आणू नका. मऊ दगडात प्रत्येक ठोक्यागणिक भेग रुंदावते.

भेग बराच वेळ एकाच मापाची राहते, त्यामुळे एकाच मापाचे दोन-तीन फ्रेंड लागतात. हाताच्या मापाचे दुप्पट आणि मुठीहून मोठे एक-दोन तरी बरोबर हवेत. लावताना कडेला लावू नका, थोडे आत सरकवा, कारण कडेचा दगड सगळ्यात आधी फुटतो. दोरी वाकडीतिकडी फिरून घासत असेल तर लांब स्लिंग (पट्ट्याचा फास) लावा. नाहीतर वरच्या माणसाला दोरी ओढताना विहिरीतून हंडा शेंदल्यासारखं होतं, आणि घासणारी दोरी दगडाला चरे पाडते ते वेगळंच. सेकंड मॅनने, म्हणजे मागून येणाऱ्याने, अडकलेला फ्रेंड हिसडे देऊन ओढू नये. आधी किंचित आत ढकलावा, दाते मिटवणारा खटका दाबावा आणि मग अलगद बाहेर काढावा. हिसडा दिला की तो आणखी आत चालत जातो, आणि तिथेच राहतो.

पांढऱ्या थरावर विश्वास

कोर-इंगल्सवर भेगेच्या आत पांढरट, गुळगुळीत थर दिसतो. पाण्याबरोबर आलेलं कॅल्साइट तिथे साचून बसलं आहे. बाकी वालुकाश्म पॉलिश पेपरसारखा खरखरीत, आणि हा थर चिनी मातीच्या बशीसारखा. आपला हात भेगेत घालायचा, अंगठा तळव्याकडे वळवायचा, हात आतल्या आत फुगवायचा आणि त्यावर लटकायचं, हे तंत्र खरखरीत दगडावर झकास चालतं. कॅल्साइटवर तोच हात साबण लावल्यासारखा सुळकन खाली येतो. घाबरून माणूस आणखी जोरात आवळतो आणि दहा मिनिटांत दंड भरून येतात.

उपाय असा की जरा थांबून भेगेच्या आत बघायचं. थर सलग नसतो. मध्येमध्ये लाल दगड उघडा असतो, हात तिथे बसवायचा. फ्रेंडचे दाते दोन्ही बाजूंनी उघड्या दगडावर टेकलेत ना, हे डोळ्यांनी बघून घ्यायचं. थराचे काही गोळे बाहेर आलेले असतात, त्यांवर पाय मात्र छान बसतो. मी पहिल्या खेपेला भेगेतच डोकं खुपसून बसलो होतो. बाहेर भिंतीवर पाय ठेवायला जागा आहे, हे खालून जोडीदाराने ओरडून सांगावं लागलं.

तिसरा टप्पा सगळ्यात अवघड. तिथली भेग मुठीला मोठी, अंगाला लहान. आपली चिमणी म्हणजे पाठ एका भिंतीला, पाय दुसऱ्या भिंतीला, आणि वर सरकायचं. इथे तेवढी जागा नाही. एक खांदा, एक कोपर आणि एक गुडघा आत, बाकीचा माणूस बाहेर. अडकलात तर अंग आणखी आत रेटू नका. थोडे बाहेर या, आतल्या पायाची टाच आणि चवडा दोन्ही भिंतींवर आडवे रोवा, पाय सरळ करत उठा. वीतभर उंची मिळाली तरी पुष्कळ. पूर्ण बाह्यांचा जाडा शर्ट घाला. ही फॅशनची नाही, कातडीची गोष्ट आहे. हातांच्या पाठीला टेप गुंडाळायचं काम गाडीजवळच उरका. आणि ५.९ हा आकडा बघून घरच्या जिममधल्या ५.९ शी तुलना करू नका. जुन्या माणसांनी हात आखडून दिलेला ५.९ आहे तो.

ऊन, वीज आणि पायाखालची माती

कोर-इंगल्स दक्षिणमुखी असल्यामुळे जुलैत तिथे भट्टी असते, पारा ३८ अंशांच्या वर सहज जातो. मार्च ते मे आणि सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर, हे चांगले दिवस. पण ते सगळ्यांनाच ठाऊक असतं, म्हणून शनिवार-रविवारी रूटखाली रांग लागते. पहाटे निघा. पाणी खालूनच न्यायचं, माणशी चार लिटर. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात दुपारी ढग जमले तर माथा गाठायचा हट्ट सोडा. माथा एवढा सपाट आहे की १९६४ च्या जाहिरातीसाठी हेलिकॉप्टरने त्यावर शेवरोलेची गाडी नेऊन ठेवली होती. विजेच्या दिवशी त्या मोकळ्या फरशीवर उभं राहणारी सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता, तीही कमरेला लोखंड बांधलेली.

पायवाट सोडून वाळूतून शॉर्टकट मारू नका. तिथे काळपट, खडबडीत, पोपडे आल्यासारखी दिसणारी माती जिवंत असते. सूक्ष्म जीवांनी विणलेला तो थर वाळू धरून ठेवतो आणि एका बुटाने मोडला की सावरायला कित्येक वर्षं लागतात. मग पायवाटेवर किंवा कोरड्या ओहोळातून चाला. पोटाचं काम निघालं तर त्यासाठीची पिशवी जवळ ठेवा आणि परत न्या. वाळवंटात काही कुजत नाही.

एक भीती मात्र बिनबुडाची. "हा सुळका हलतो" असे व्हिडिओ बघून काही जण धास्तावतात. हलतो हे खरं आहे. २०१८ मध्ये युटा विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञांनी क्लाइंबरांच्या मदतीने माथ्यावर भूकंपमापक ठेवला, तेव्हा सुळका सेकंदाला साधारण एकदा डुलतो असं आढळलं, जवळपास हृदयाच्या ठोक्यांच्या गतीने. पण ही हालचाल इतकी बारीक असते की चढणाऱ्याला कळतही नाही. पाय लटपटले तर ते तुमचेच.

उतरताना घाई

वर पोचल्यावर ला साल डोंगरांवरचा बर्फ बघत बसलं की वेळ कसा जातो कळत नाही. हेडटॉर्च गाडीत ठेवून आलेले लोक इथेच फसतात. दोन दोऱ्या हव्यात, आणि चढणाऱ्यांच्या डोक्यावर उतरू नये म्हणून पुष्कळ जण उत्तर बाजूने रॅपल करतात, म्हणजे दोरीवरून घसरत उतरतात. बाहेर पडण्याआधी कोणती दोरी ओढायची ते दोघांनी मोठ्याने बोलून ठरवा. खाली पोचलेल्याने, वरचा निघायच्या आधी, दोरी हातभर ओढून सरकते का ते तपासावं.

तरी अडकलीच तर आधी बाजूला चालत जा, वेगळ्या कोनातून ओढा, लाट सोडल्यासारखा झटका देऊन बघा. दोघांनी मिळून लोंबकळू नका, गाठ भेगेत पक्की रुतते. दोन्ही टोकं अजून हातात असतील तर दोन्ही दोऱ्यांवर मिळून प्रुसिक (वजन पडलं की आवळणारी गाठ) लावून वर जाता येतं. एक टोक वर निघून गेलं असेल तर उरलेल्या दोरीवर लटकून चढायचं नाही, वर ती कशाला अडकली आहे हे खालून कळत नाही. हातात आलेल्या दोरीवर बिले घ्या, म्हणजे दोरीचं टोक जोडीदाराने सांभाळायचं, आणि फ्रेंड लावत नेहमीसारखं लीड करत वर जा. म्हणूनच शेवटचा रॅपल संपेपर्यंत फ्रेंडची माळ हार्नेसवरून काढून सॅकच्या तळाशी कोंबू नका.