इन्सुलिनची घडी मोडू नका: घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

डोस तोच, जेवण तेच, तरी शुगर चढतेय? डॉक्टरांना विचाराच, पण त्याआधी बाटली कुठे ठेवली होती ते आठवा. त्यांनाही ते सांगा.

इन्सुलिन हे प्रथिन आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे. ५१ अमिनो आम्लं: २१ची एक साखळी, ३०ची दुसरी, दोघींना बांधणारे गंधकाचे दोन पूल आणि लहान साखळीत तिसरा. हा क्रम उलगडणाऱ्या फ्रेडरिक सँगर यांना १९५८चं नोबेल मिळालं. साखळ्यांची घडी नेमकी कशी बसते, हे मात्र डोरोथी हॉजकिन यांनी १९६९ मध्ये दाखवलं. पेशीवरचा ग्राही (इन्सुलिनचा संदेश टिपणारा रेणू) ओळखतो ती ही घडी. ती विस्कटली, तर एकही अमिनो आम्ल कमी न होता औषध निकामी होतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जास्त थंडावा. ‘फ्रिजमध्ये ठेवा’ ऐकलं की लोक बाटली थेट बर्फाच्या कप्प्याला चिकटवतात. पाणी गोठताना रेणू एकमेकांवर दाबले जातात आणि त्यांच्या गुठळ्या होतात. नासलेलं दूध पुन्हा गार केलं म्हणून सुधारतं का? तसंच हे. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून नितळ दिसलं तरी टाकूनच द्या. न उघडलेल्या बाटलीला २ ते ८ अंश पुरे.

उष्णतेचं दुखणं छुपं असतं. चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत राहिलेलं पेन दिसायला जसंच्या तसं असतं, जोर मात्र गेलेला असू शकतो. वापरात असलेली बाटली बहुधा २५–३० अंशांखाली चारेक आठवडे टिकते. नेमकी मुदत सोबतच्या पत्रकात असते, ते पत्रक खोक्याबरोबर फेकू नका. वीज नसेल तिथे ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं चांगलं काम देतं; बाटली आत कोरडी राहील एवढं बघा.

दुधाळ इन्सुलिन खोकल्याच्या औषधासारखं खळखळून हलवू नका. फेसात, हवा आणि पाणी भेटतात तिथे, घडी उलगडते आणि रेणू एकमेकांना चिकटतात. तळव्यांत दहाएक वेळा हळू फिरवा. तरीही गोळे दिसले किंवा काचेला पांढरा थर धरला, तर ती बाटली बाद.

ग्लार्जिन हे लांब पल्ल्याचं इन्सुलिन दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एकाच सिरिंजमध्ये ओढणं हीही चूकच. ते आम्लधर्मी द्रावणात विरघळलेलं असतं. त्वचेखाली गेल्यावर साकळतं आणि हळूहळू सुटतं. सिरिंजमध्येच आम्लता बदलली, तर हा सगळा हिशेब कोलमडतो.

राहता राहिला प्रश्न: “थायरॉइडची गोळी असते, मग याची का नाही?” त्या गोळीतलं थायरॉक्सिन हा दोनच अमिनो आम्लांपासून घडलेला छोटा रेणू आहे, तो आतड्यातून शाबूत पार होतो. इन्सुलिनला पेप्सिन आणि ट्रिप्सिन हे पाचक रस डाळीतल्या प्रथिनासारखंच पचवून टाकतात.