दारू सुटली, गोळ्या सुटल्या आणि पॅनिक अटॅक परत आले: तेव्हा काय करायचं

दारू सोडून चार महिने आणि घबराटीची गोळी बंद होऊन सहा आठवडे झाले होते तेव्हा एका रात्री अडीच वाजता मला परत अटॅक आला. तोच जुना, छातीत धडधड, बोटांना मुंग्या, घसा कुणीतरी आवळल्यासारखा, आणि डोक्यात एकच की झालं, सगळी मेहनत पाण्यात गेली. तुम्ही आत्ता तिथेच असाल तर हे तुमच्यासाठी लिहितेय. "मन घट्ट कर", "विचार करू नकोस", "दीर्घ श्वास घे" हे तीन सल्ले मी इतक्या वेळा ऐकलेत की आता कुणी बोलायला लागलं की चीड येते, कारण पहिल्या दोघांचा काही उपयोग होत नाही आणि तिसरा चुकीच्या पद्धतीने केला तर अटॅक वाढवतो.

सगळ्यात आधी तारखा कागदावर लिहा. शेवटची दारू कधी, शेवटची गोळी कधी, कोणती, किती मिलिग्रॅम, पहिला अटॅक कधी आला. डॉक्टरकडे जाताना हा कागद सोबत न्या.

रोज पिणारा माणूस असाल आणि गेल्या दोनचार दिवसांतच एकदम बंद केली असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टर गाठा. दारू अचानक थांबवल्यावर फिट साधारण पहिल्या ६ ते ४८ तासांत येऊ शकते, आणि भास, ताप, काळवेळ न कळणं हा गंभीर प्रकार बहुतेक ४८ ते ९६ तासांत सुरू होतो, त्यात जीव जाऊ शकतो. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम यातली गोळी बरेच महिने घेत असाल तर ती एकदम बंद करणंही तसंच धोक्याचं. मी एकदा "आता मी बरी आहे" म्हणून स्वतःच्या मनाने एका दिवसात गोळी बंद केली होती, तिसऱ्या दिवशी हातात पेला धरवत नव्हता. या गोळ्या डॉक्टरच्या हाताखाली थोड्याथोड्या कमी करतात, बऱ्याचदा दर २ ते ४ आठवड्यांनी ५ ते १० टक्के, आणि जुनी सवय असेल तर त्याला महिनोनमहिने लागतात. एकदम तोडली असेल तर लाज न बाळगता सांगा, पुढे कसं न्यायचं ते डॉक्टर ठरवतील. जीव नकोसा वाटत असेल तर तेही त्याच दिवशी बोला, घरात कुणाला तरी सांगा आणि एकटे राहू नका.

छातीतलं दुखणं पहिल्यांदाच होत असेल, नवीन प्रकारचं असेल, हाताकडे किंवा जबड्याकडे सरकत असेल तर ते पॅनिक आहे असं स्वतःच ठरवू नका, तपासून घ्या. इसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, शुगर एकदा करून घ्या. नॉर्मल आले आणि डॉक्टरने नवीन काही सांगितलं नाही तर दर महिन्याला परत इसीजी काढत बसू नका, मी तेच करत होते आणि प्रत्येक नॉर्मल रिपोर्टचा दिलासा जेमतेम आठवडाभर पुरायचा.

आता हे परत का आलं ते समजून घ्या, कारण ते कळलं की अर्धी भीती कमी होते. मेंदूत शांत करणारं एक रसायन असतं, गाबा, गाडीच्या ब्रेकसारखं. दारू आणि वर लिहिलेल्या गोळ्या दोन्ही तोच ब्रेक दाबतात. वर्षानुवर्षं बाहेरून ब्रेक दाबला गेला की मेंदू आपला ब्रेक सैल करतो आणि ॲक्सिलरेटर जास्त दाबून ठेवतो, म्हणजे तोल राहावा. मग एक दिवस बाहेरचा पाय निघतो आणि गाडी सुसाट सुटते. हे परत जागेवर यायला कुणाला काही आठवडे लागतात, कुणाला बरेच महिने.

डिप्रेशन किंवा अँग्झायटीच्या रोजच्या गोळ्या, म्हणजे पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन वगैरे, त्यांचं थोडं वेगळं आहे. त्या बंद केल्यावर काही दिवसांतच चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखं, मळमळ, चिडचिड असं व्हायला लागतं. फ्लुओक्सेटिन शरीरात जास्त दिवस राहतं म्हणून तिथे हा त्रास कमी. ढोबळमानाने असं धरा: बंद केल्यावर थोड्याच दिवसांत सुरू झालं, पूर्वी कधी नव्हती अशी लक्षणं आली आणि हळूहळू ओसरतंय, तर ते गोळी सुटल्याचं आहे. काही आठवडे किंवा महिने बरे गेले आणि मग हुबेहूब जुन्यासारखे अटॅक परत आले तर मूळ आजाराने डोकं वर काढलं असण्याची शक्यता जास्त. दोन्ही एकत्रही असू शकतं, म्हणून निकाल डॉक्टरला लावू द्या. त्यांनी सवय न लागणारी गोळी परत सुरू करायला सांगितली तर हरलो असं मानू नका, माझ्या ओळखीतली कितीतरी माणसं गोळी घेत दारूपासून लांब आहेत आणि चांगली आहेत.

चहा-कॉफी निम्म्यावर आणा, झोपेची वेळ धरा, रिकाम्या पोटी राहू नका.

आता अवघड भाग, अटॅक आल्यावर करायचं काय. यात मी सव्वा वर्ष घालवलं. तोंडावर गार पाणी, शंभरपासून उलटे आकडे, श्वासाचं ॲप, बहिणीला फोन, दाराजवळची जागा, नाडी मोजणं आणि पर्समध्ये गोळीची एक स्ट्रिप, जी मी घेत नव्हते पण तिच्याशिवाय बाहेर पडत नव्हते. प्रत्येक उपायाने अटॅक जायचा. आणि प्रत्येक वेळी माझं मन शिकायचं की आज पाण्यामुळे वाचलो, आज फोनमुळे वाचलो, म्हणजे वाचण्यासारखं काहीतरी भयंकर होतं खरं! दारूनेही मला हेच शिकवलं होतं, फक्त बाटलीच्या जागी दुसऱ्या वस्तू आल्या होत्या.

डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली हे चक्र नीट मांडलं. छातीत जरा धडधडतं, आपण त्याचा अर्थ लावतो की हार्ट अटॅक येतोय, त्या भीतीने ॲड्रेनालिन वाढतं, धडधड अजून वाढते, मग अर्थ अजून पक्का होतो. धडधड आपल्या हातात नसते, पण ती थांबवायची धडपड आपण करतो आणि ती धडपडच चक्र फिरवत ठेवते. म्हणून करायचं असं की काहीच करायचं नाही. जिथे आहात तिथेच थांबा, गाडी चालवत असाल तर कडेला घ्या. खांदे सैल सोडा. मनात म्हणा, धडधड वाढतेय, वाढू दे. मग जे काम करत होतात ते हळूहळू चालू ठेवा, हात थरथरत असले तरी. अटॅक बहुतेक वेळा १० मिनिटांच्या आत शिखर गाठतो आणि मग उतरायला लागतो, शरीर त्या उंचीवर जास्त वेळ टिकत नाही. चक्कर येऊन पडू ही भीती मला सगळ्यात जास्त होती, पण बेशुद्ध पडायला बीपी घसरावं लागतं आणि पॅनिकमध्ये ते सहसा वाढतं, म्हणून पडणं क्वचितच होतं.

श्वासाबद्दल. छाती भरभरून भराभर श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि आपल्याला वाटतं हवा पुरत नाहीये म्हणून अजून ओढतो. श्वास नेहमीसारखा लहानच घ्या, फक्त सोडताना सावकाश सोडा. कागदी पिशवीत श्वास घेणं अजिबात नको, त्रास खरंच हृदयाचा किंवा दम्याचा असेल तर ते धोक्याचं आहे.

हे पहिल्यांदा जमत नाही. मला पाचव्या वेळी जमलं, स्वयंपाकघरात जमिनीवर बसून, पाठ फ्रिजला टेकवून. आधीच्या चार वेळा मी "येऊ दे" म्हणत होते आणि आतून दर दहा सेकंदांनी बघत होते की गेला का, अजून गेला का. ते बघणंसुद्धा भांडणच आहे, आणि अटॅकला घालवण्यासाठी "येऊ दे" म्हटलं तर ते लगेच कळतं तुमच्या शरीराला. सुरुवातीला दोनतीन अटॅक उलट जास्त जोरात वाटतील, सगळ्या आधाराच्या काठ्या काढल्यात ना तुम्ही, तेव्हा घाबरून सोडून देऊ नका.

तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला एक विचार येईल, एकच पेग घेतला तर शांत होईल. खरंय, होईल, तासदोन तास. मग उतरताना तोच ब्रेक परत सैल होईल आणि सकाळी दुप्पट येईल. म्हणून घरात बाटली ठेवायचीच नाही. आणि इथे फोन जरूर करा! अटॅकपासून वाचायला फोन करू नका असं मी वर म्हटलं, पण दारूपासून वाचायला लगेच करा, दोन नंबर आधीच ठरवून ठेवा आणि त्या माणसांना हा फरक सांगून ठेवा.

बरे असताना सराव करा. फिरत्या खुर्चीत एक मिनिट गरगर फिरा, जागच्या जागी पळा, नाक धरून बारीक स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास घ्या, म्हणजे तीच लक्षणं आपल्या हाताने आणायची आणि काही होत नाही हे शरीराला दाखवायचं, कंटाळा येईपर्यंत रोज. हृदयाचा त्रास, दमा, फिट, गरोदरपण यातलं काही असेल किंवा दारू-गोळी नुकतीच सुटली असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हे करू नका. जमलं तर सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी उपचारपद्धत, करणारा थेरपिस्ट शोधा, त्याच्यासोबत हे लवकर होतं.

टाळलेल्या जागांवर एकेक करून परत जा, सोप्यापासून.

गोळीची स्ट्रिप मी सगळ्यात शेवटी सोडली, आधी पर्समधून घरी, मग घरातून मेडिकलमध्ये परत. घाई नव्हती.

आणि एखाद्या रात्री दारू घेतलीच गेली तर तिच्यावर ती जुनी झोपेची किंवा घबराटीची गोळी घेऊ नका. दोन्ही मिळून श्वास मंदावतो, माणूस झोपेतच जाऊ शकतो. ती रात्र कुणाच्या तरी सोबत काढा आणि सकाळी डॉक्टरला फोन करून किती घेतली ते आकड्यात सांगा, अंदाजे नको, कमी करूनही नको.