युद्धनौकेच्या इलेक्ट्रॉनिक युद्धप्रणालीचे सुटे भाग हाताळताना या चुका टाळा

शत्रूच्या रडारच्या लहरी टिपून त्यांना चकवणारी ‘शक्ती’ ही प्रणाली हैदराबादच्या डीएलआरएल या संरक्षण इलेक्ट्रॉनिक्स संशोधन प्रयोगशाळेने विकसित केली, भारत इलेक्ट्रॉनिक्सने तयार केली आणि २०२१ साली ती नौदलाच्या हाती दिली गेली. तिच्या उत्पादनात पन्नासहून अधिक लघुउद्योगांचा हातभार होता. या प्रकारचे बोर्ड, केबल किंवा कनेक्टर यांचे काम उमरेड-हिंगणघाटकडच्या एखाद्या छोट्या कार्यशाळेत आले, तर समुद्राच्या खाऱ्या हवेची धास्ती सगळेच घेतात, पण आपल्याच हवेकडे दुर्लक्ष होते.

एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातील हवा इतकी कोरडी असते की नुसते खुर्चीवरून उठले तरी अंगावर काही हजार व्होल्टचा स्थिर विद्युतभार साचतो. साधारण ३,००० व्होल्टच्या खालचा झटका माणसाला जाणवतही नाही, मात्र काही नाजूक भागांना १०० व्होल्टही घातक ठरतात. अंगावरचा भार जमिनीत उतरवणारा मनगटपट्टा बांधला की काम झाले, असे समजणे ही यातली सर्वांत मोठी चूक होय, कारण तो पट्टा ज्या अर्थिंगला जोडलेला असतो, तिच्या खड्ड्याभोवतीची काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि जमिनीशी संपर्क तुटत जातो. म्हणून खड्ड्यात नियमित पाणी घालावे आणि अर्थिंगचा रोध मोजून नोंदवावा. गुलाबी प्लास्टिकची पिशवी स्वतः भार साचू देत नाही, पण बाहेरच्या झटक्यापासून आतल्या बोर्डाला वाचवत नाही. त्यासाठी धातूचा थर असलेलीच पिशवी हवी. झटका बसलेला भाग पुष्कळदा आपल्या तपासणीत उत्तीर्ण होतो आणि पुढे जहाजावर बंद पडतो, हे यातले खरे दुखणे आहे.

कुलरची हवा थेट टेबलावर घेऊ नये. मे महिन्यात कुलर बंद ठेवा म्हटले तर कुणी ऐकणार नाही, तेव्हा निदान त्याचे तोंड फिरवावे. त्या हवेतील धूळ आणि ओलावा उघड्या बोर्डावर बसतो. पावसाळ्यात तर ओलाव्यास संवेदनशील चिपचे पाकीट उघडे राहणे महागात पडते. ओलाव्याच्या संवेदनशीलतेनुसार तिसऱ्या पातळीत मोडणाऱ्या चिपला ३० अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रतेत पाकिटाबाहेर १६८ तासच मिळतात. त्यानंतर ती भट्टीत तापवून ओलावा न काढता सोल्डर केल्यास आत शिरलेल्या पाण्याची वाफ होऊन चिप तडकू शकते.

सिग्नल कधी येतो, कधी जातो, अशी तक्रार असल्यास बोर्ड बदलण्याची घाई करू नये. आधी कनेक्टर काढून मधली पिन भिंगाखाली पाहावी: ती किंचित वाकलेली, आत दबलेली किंवा पितळी कणांनी माखलेली आढळते. १८ गिगाहर्ट्झसारख्या उच्च वारंवारतेला लहरीची लांबी जेमतेम १७ मिलिमीटर असल्यामुळे तेवढाही दोष पुरतो. जोडताना केबल न फिरवता फक्त नट फिरवावा आणि ठरावीक जोरानेच आवळणारा टॉर्क पाना वापरावा. स्टीलच्या एसएमए (उच्च वारंवारतेच्या केबलचा छोटा आट्यांचा) कनेक्टरला साधारण १ न्यूटन-मीटर, तर पितळेच्या कनेक्टरला ०.५६ पुरते. हाताच्या अंदाजावर विसंबू नये.

भाग क्रमांकातील शेवटचे अक्षर किरकोळ समजून ‘तसाच दिसणारा’ भाग बसवणे तर सर्रास घडते. ते अक्षर मुलामा, तापमानमर्यादा किंवा आवृत्ती यांतील फरक दाखवत असू शकते, त्यामुळे काम देणाऱ्या कंपनीची लेखी मान्यता येईपर्यंत बदली भागाला सोल्डर लावू नये.