जीएमसी ट्रकचं एक चाक अधांतरी राहत होतं

दुसऱ्या महायुद्धातल्या जीएमसी सीसीकेडब्ल्यू ट्रकचं १/३५ प्रमाणातलं प्लास्टिक मॉडेल काचेवर ठेवलं की मागचं एक चाक टेकत नव्हतं. चेसिसचे, म्हणजे खालच्या चौकटीचे, दोन लांब दांडे बारीक असतात; एका बाजूचे सांधे आधी वाळले की चौकट पिळते. आडव्या पट्ट्यांचे सांधे बारीक करवतीने सोडवले, चौकट काचेवर दोन स्टीलपट्ट्यांमध्ये सपाट दाबली, पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडायचा द्रव गोंद) ब्रशने सांध्यांत सोडलं आणि २४ तास हात लावला नाही. पीळ काढायला उकळत्या पाण्याच्या वाटेला जाऊ नका, नाजूक स्प्रिंगपाटे आधी वाकतात. अ‍ॅक्सल चिकटवताना चाकं काचेवर टेकलेलीच हवीत. तरी उरलेला अर्धा मिलिमीटर, टेकलेल्या टायरांचे तळ ४०० नंबरच्या पॉलिशपेपरवर घासून गेला. शिवाय टायर वजनाखाली दबलेले दिसतात, आणि अडीच टनी ट्रकला तेच शोभतं.